भिंतीपलीकडचा ताप

आमच्या गल्लीत एक हकिकत प्रचलित आहे. ती अशी की, आमचे शेजारी किसनराव साळवे मिस्त्री यांनी गेल्या वैशाखात आपल्या जुन्या संगणकाला चंदनाची उटी लावली, स्वतःच्या कपाळी भस्म ओढले, पेटीसमोर बसून हातांनी मुद्रा केल्या आणि मेलेले यंत्र उठून बसले.

ही हकिकत बोराडे गुरुजी सांगतात. गुरुजींनी उभा जन्म इतिहास शिकवला. त्यामुळे सांगितलेली गोष्ट घडलेलीही असावी, असा त्यांचा आग्रह नसतो. मी अंबडच्या न्यायालयातून नाझर म्हणून निवृत्त झालो. जप्तीचे पंचनामे लिहिण्यात माझी हयात गेली. सदर घटनेच्या वेळी मी साळव्यांच्या खोलीत, त्यांच्यापासून दीड हातावर, टॉर्च धरून उभा होतो. गुरुजी खिडकीबाहेर होते आणि त्यांचा चष्मा दुरुस्तीला दिलेला होता. कोणाची साक्ष मानायची, हे वाचकांनी ठरवावे.

चंदन नव्हते. साळव्यांच्या घरी सहाणच नाही. बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती आणि फुले, याखेरीज त्या घरात काही लागत नाही. आमच्या दोन्ही घरांत मिळून सहाण एकच. ती माझ्याकडे आहे आणि त्या दिवशी ती जागेवरून हललेली नाही.

मात्र साळवे संगणकाचा ताप पाहतात, हे खरे आहे. आजारी लेकराच्या कपाळाला आई लावते तसा उलटा हात ते पेटीच्या कुशीला लावतात, डोळे मिटतात आणि निदान सांगतात : "आज लई फणफणून राह्यलाय." आतले तापमान पडद्यावर पाहण्याची सोय असते, असे त्यांच्या भाच्याने त्यांना दाखवले होते. साळव्यांनी ती सोय दोन दिवस तपासली आणि शेरा दिला, "बराबर सांगतो. पण माझ्या मागून सांगतो."

उन्हाळ्यात त्यांच्या खोलीत कूलर चालतो, त्याचे तोंड संगणकाकडे असते. साळवे स्वतः बनियनवर कोपऱ्यात बसून वर्तमानपत्राने वारा घेतात. मी एकदा या व्यवस्थेबद्दल हरकत घेतली. त्यावर ते म्हणाले, "नाझरसाहेब, घाटात पाणी रेडिएटरला पाजतात का पाशिंजरला?"

हे बोलणे कोठून येते, ते सांगतो. साळवे एसटीच्या आगारात मिस्त्री होते. निवृत्तीला कित्येक वर्षे झाली, तरी खाकी सदरा सुटलेला नाही आणि सदऱ्याच्या खिशात कंगवा आणि पेचकस शेजारी शेजारी असतात. जगातल्या कोणत्याही बिघाडावर त्यांचे मत ठरलेले : "इंजन चांगलंय." माझी दाढ काढावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा साळवे आत डोकावून म्हणाले, "इंजन चांगलंय साहेब, नुस्ता नट ढिला झालाय." दाढ काढावी लागली. साळव्यांनी मत बदलले नाही.

आता भिंतीविषयी. आमच्या दोन घरांत भिंत एकच. तिच्या अलीकडे माझी आरामखुर्ची, पलीकडे साळव्यांचा संगणक. भाच्याने आपले दुकान बंद केले तेव्हा तिथला हा संगणक यांच्याकडे आला, तेव्हाच तो म्हातारा होता. त्याच्या पोटातला पंखा फिरू लागला की सोयाबीनची मळणी आमच्या बैठकीत चालली आहे असे वाटे. मी तळहाताने तीनदा भिंत वाजवीत असे. पलीकडून दोन ठोके येत आणि पाठोपाठ साळव्यांची आरोळी : "डबल बेल!" एसटीत दोनदा घंटा वाजली की गाडी सुटते. म्हणजे माझ्या तक्रारीचा अर्थ हा मनुष्य 'चालू द्या' असा लावीत असे.

गल्लीत म्हणतात की मी रोज भिंत वाजवीत असे आणि त्या हादऱ्याने आमचे घड्याळ खाली पडे. घड्याळ दोनदाच पडले आहे. तिसऱ्यांदा ते सौ.च्या हातून पडले. मात्र त्याची नोंद माझ्या नावे झाली.

या संगणकाचे काम दिवसातून एकदाच असे, दुपारी चार वाजता. जाफराबादला साळव्यांच्या थोरल्या बहीण गयाआक्का राहतात. आक्का जन्मतः बहिऱ्या. लहानपणी या दोघा भावंडांनी हातांची एक भाषा रचली. ती कोणत्या शाळेत शिकवत नाहीत, कोणत्या पुस्तकात नाही. ती जगात दोनच माणसांना येते. आक्काच्या सुनेला त्यातले जेवण, पाणी आणि औषध एवढे तीन शब्द कळतात. पूर्वी साळवे दर रविवारी बसने जालना आणि तिथून जाफराबाद गाठत. गुडघे गेले तसे जाणे थांबले. मग भाच्याने संगणकाला कॅमेरा बसवून दिला. तिकडे सून आपला फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते आणि इकडे साळवे पडद्यासमोर बसतात.

"मग मोबाइलवरच बोला ना," असा सल्ला त्यांना गुरुजींनी दिला होता. साळवे म्हणाले, "एका हातात मोबाइल धरला तर एकाच हातानं बोलावं लागतं, गुरुजी. तोतरा होईन मी. अन् त्या इवल्याशा काचेत आक्काची बोटं मुंग्यांवानी दिसत्यात. मुंग्या काय बोलून राह्यल्या, कसं कळावं?"

गेल्या वैशाखात घात झाला. उन्हाने पेटी तापली, पंखा किंचाळू लागला आणि चित्र अडकत अडकत एकदम थिजले. पडद्यावर आक्काचे दोन्ही हात गळ्याशी होते, तोंड उघडे होते. सुनेचा फोन लागेना. साळव्यांनी पायांत चपला अडकवल्या, भर उन्हात बस धरली, जालन्याहून जीप धरली आणि दिवस मावळता मावळता जाफराबादला पोहोचले. आक्का ओट्यावर बसून तूर निवडत होत्या. गळ्यात नातसुनेने आणलेली नवी मण्यांची माळ होती. तीच त्या दाखवत होत्या.

दुसऱ्या दिवशी साळवे गुडघा सुजवून परतले. मला म्हणाले, "'गळ्यात माळ' अन् 'गळा दाबला', दोन्हीची सुरवात एकच हाय, साहेब. बोलणं अर्ध्यात अडकलं. हे बरं न्हाई. आमच्या भाषेत तिसरं माणूस न्हाई इचारायला."

गुरुजींचे म्हणणे असे की दोष नेटवर्कचा होता. हेही चूक. साळव्यांनी रीतसर तपास केला. सकाळी चित्र सुरळीत चाले, दुपारी अडके, पेटीची कूस उघडून कूलर आत सोडला की पुन्हा थोडा वेळ चाले. म्हणजे दोष तापाचाच. भाचा म्हणाला, मामा, नवीन घ्या. साळवे म्हणाले, नव्याचा जेवढा खर्चा, त्याच्या दहाव्या हिश्शात हा उभा करतो. आणि त्यांनी निर्णय जाहीर केला : प्रोसेसर बदलायचा आणि त्याच्या डोक्यावरचा पंखा मोठा बसवायचा.

येथे मी त्यांना पकडले. "मिस्त्री, इंजिन चांगलं आहे असं तुम्ही तीन वर्षं म्हणत आलात. आता इंजिनच बदलता?"

"बिलकुल न्हाई. प्रोसेसर म्हंजी इंजन न्हाई, साहेब. प्रोसेसर म्हंजी डायवर. बॉडी, चेसीज, इंजन सगळं बराबर हाय. डायवर थकलाय. चढ आला की धापा टाकतो."

"आणि नवा ड्रायव्हर?"

"नवा कशाला? जुनाच घ्यायचा. ह्याच्यापेक्षा जवान, पण जुनाच. त्याला रिटायर व्हायला अजून टाइम हाय."

कोणता प्रोसेसर पेटीतल्या कोणत्या बोर्डावर बसतो याला नियम असतो. आपल्या बोर्डाला चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी साळव्यांनी पडद्यावर शोधून काढली आणि मला ती कागदावर उतरवून देण्याची विनंती केली, कारण त्यांचे अक्षर त्यांनाच लागत नाही. मी ती सरळ ओळीत लिहिली, समास सोडला आणि खाली 'खरी नक्कल' असे लिहून स्वाक्षरी केली. गल्लीत याचे हसू झाले. परंतु जालन्याच्या जुन्या संगणकांच्या दुकानदाराने तो कागद पाहून उभे राहून आम्हाला खुर्च्या दिल्या, हे कोणी सांगत नाही.

यादीतला तिसरा प्रोसेसर त्याच्याकडे निघाला. साळव्यांनी तो चौकोनी तुकडा दोन नखांत धरून उजेडात फिरवला. जालना हे बियाण्यांचे गाव. तेथे दाणा पारखणारे पुष्कळ पाहिले, पण इतक्या संशयाने पारखणारा दुसरा पाहिला नाही. सोबत पितळी रंगाच्या पट्ट्यांचा एक वापरलेला पण दणकट पंखा घेतला आणि दोहोंच्या मध्ये लावायच्या लेपाची सुईसारखी नळी घेतली. हा लेप उष्णता खालून वर पोहोचवतो. तो किती लावायचा, असे विचारता दुकानदार म्हणाला, "फक्त एक दाणा." सगळा अनर्थ या एका शब्दाने केला.

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला सुरू झाली. साळव्यांनी सायकलच्या पंपाने पेटीतली धूळ उडवली. जिनिंगच्या बाजूची हवा असल्याने जुन्या पंख्यात कापसाचे इतके तंतू निघाले की बाहुलीची गादी भरली असती. खाली जुना लेप वाळून बेसनाच्या पापुद्र्यासारखा झाला होता. "हे बघा," साळवे म्हणाले, "रेडिएटर कोरडा ठाक. मंग डायवर बिचारा काय करल?" त्यांनी स्पिरिटच्या चिंधीने सारे पुसले, खाच पाहून नवा प्रोसेसर बसवला आणि खटका दाबला. मग नळी उचलली.

"एक दाणा," ते पुटपुटले. "ज्वारीचा."

मी म्हणालो, "दुकानदार ज्वारीचा म्हणाला नाही."

"दाणा म्हंजी ज्वारीचाच की, साहेब."

"आमच्या घरी दाणा म्हणजे शेंगदाणा. शिवाय वस्तुस्थिती पाहा. एवढा ताप आणि ज्वारीएवढा लेप? आमच्या गावच्या राममंदिरात उन्हाळ्यात देवाला उटी लावतात ती सर्वांगाला लावतात. कपाळाला ठिपका लावून देवाचा दाह जात नाही."

'उटी' हा शब्द त्या खोलीत माझ्या तोंडून उच्चारला गेला, हे मी मान्य करतो. गुरुजींनी खिडकीतून तो ऐकला आणि पुढचे सर्व स्वतः रचले.

साळव्यांनी नळी खाली ठेवली. मग म्हणाले, "तुम्ही कायद्याचं माणूस." आणि खटका सोडवून त्यांनी प्रोसेसर पुन्हा हातात घेतला. त्याला सर्वांगाने लेप लागला. वरून लागला, कडांना लागला, खालच्या सोनेरी ठिपक्यांचाही दाह शमावा म्हणून तेथेही लागला. नळी संपली. घाम पुसताना साळव्यांच्या कपाळावर तीन राखी बोटे उमटली. हेच ते भस्म.

पंखा बसवला. कळ दाबली. पंखा फिरला, दिवा लागला आणि पडदा काळाच राहिला.

पुन्हा दाबली. काळाच.

सव्वातीन वाजले होते. या वेळी साळव्यांच्या तोंडून 'इंजन चांगलंय' निघाले नाही. त्यांनी उलटा हात पेटीला लावला. पेटी गार होती. पण हे गारपण चांगले नव्हते, हे मलाही समजले. जाफराबादला पावणेचारलाच आक्का तोंड धुऊन, केस विंचरून डब्यासमोर येऊन बसतात, हे मला ठाऊक होते.

"मिस्त्री," मी म्हणालो, "आमच्या गावचा देव दगडाचा होता."

"त्याचं काय?"

"दगडाला खालून वीज लागत नाही."

साळव्यांनी माझ्याकडे पाहिले, मग त्या सोनेरी ठिपक्यांकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. म्हणजे चौथे बोट उमटले. मग सगळे पुन्हा खोलले. स्पिरिट आणि दाढीचा मऊ ब्रश घेऊन एकेक ठिपका स्वच्छ केला, बोर्डावरच्या केसाएवढ्या पिनांवरून ब्रश इतका हळू फिरवला की मी श्वास रोखला. सुनेला फोन करून निरोप दिला, "आक्काला हाताचं घड्याळ दाखव अन् थांब म्हण. म्हणावं, गाडी लेट हाय." माझ्या हातातल्या टॉर्चचा उजेड थरथरत होता असे गुरुजी सांगतात. टॉर्च जड होता.

पंपाने सारे वाळवले. लेपाची नळी रिकामी होती. टोपणाच्या तोंडाशी तेवढा एक कण उरला होता. ज्वारीएवढा. साळव्यांनी तो मधोमध ठेवला आणि माझ्याकडे पाहिलेही नाही. या निकालावर मी अपील केलेले नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी पडदा उजळला. आणखी थोड्या वेळाने त्यात आक्का आल्या. गळ्यात माळ होती. त्यांनी भावाच्या कपाळाकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावून हसल्या. साळव्यांचे दोन्ही हात सुटले. ते हात कधी वर जात, कधी छातीशी येत, बोटे उघडत, मिटत. पलीकडून आक्काचे हात तसेच धावून येत आणि चित्र एकदाही अडकले नाही. याच त्या गुरुजींच्या मुद्रा. ही दोन भावंडे एवढेच बोलत असावीत की, उशीर का झाला आणि तोंडाला काय फासलेस.

नव्या पंख्याला आवाज म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता मी वर्तमानपत्र उघडून बसलो आणि भिंत गप्प राहिली. मला शांतता हवी होती, ती मिळाली. त्याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही. आठवड्याने सौ. म्हणाली, "रोज चारला भिंतीला कान लावून काय बसता?" मी कान लावून बसलो नव्हतो. डोके टेकले होते. उन्हाळ्यात भिंत गार लागते.

पंधरा दिवस झाले असतील. एके सकाळी साळवे दारात उभे राहिले. आत या म्हटले तरी येईनात. खिशातला पेचकस काढून पाहिला, पुन्हा ठेवला.

"नाझरसाहेब, माझं काही चुकलं का?"

"कशात?"

"तुम्ही भिंत वाजवत न्हाई."

"आवाज नाही, म्हणून वाजवत नाही. तुम्हीच दुरुस्ती केलीत."

"ते बराबर हाय." साळव्यांनी पेचकस पुन्हा काढला. "पण आक्का इचारून राह्यली."

मग त्यांनी जे सांगितले ते मी कोणाला सांगितलेले नाही. त्या दोघांच्या भाषेत गल्लीतल्या प्रत्येकाला नाव आहे. गुरुजींचे नाव म्हणजे डोळ्यांभोवती बोटांची दोन कडी. माझे नाव म्हणजे गाल फुगवायचे आणि तळहात हवेत तीनदा आपटायचा : भिंतवाला.

"रोज चारला बसलं की आक्का पह्यलं तेच इचारती," साळवे म्हणाले. "भिंतवाला बोलला का? मी सांगतो, बोलला. मंग ती हासती, अन् मंग बाकीचं. तीन वर्सं झाली. आता मी सांगतो, न्हाई बोलला. तर म्हणती, भांडलास तू. न्हाई म्हणलं तर म्हणती, मंग गेले का ते?"

"मी हयात आहे, असं त्यांना कळवा."

"कळवलं. ती पुरावा मागती."

पुरावा मागितल्यावर मला नाही म्हणता येत नाही. त्या दिवशी चार वाजता इस्त्रीचा सदरा घालून मी पलीकडे जाऊन पडद्यासमोर बसलो. आक्कांनी मला निरखले. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली. हा पुरावा त्यांना मान्य नव्हता. त्यांनी गाल फुगवले, तळहात तीनदा आपटला आणि वाट पाहू लागल्या.

मी उठलो आणि भिंत तीनदा वाजवली. मला ती आतापर्यंत एकाच बाजूने ठाऊक होती. पलीकडून सौ. ओरडली, "अहो, आता तिकडूनही पाडता का घड्याळ?" आक्कांना यातले एक अक्षर ऐकू आले नाही, पण त्या अशा हसल्या की पिठाचा डबा हलला, फोन कलंडला आणि बराच वेळ आम्हाला त्यांच्या घराचे पत्रेच दिसत राहिले.

निघताना साळवे दारापर्यंत आले. म्हणाले, "मशीन गार झालं, साहेब. घर बी जरा जास्तच गार झाल्तं." मी म्हणालो, दार लावून घ्या, धूळ येते.

अलीकडे गुरुजी नवी हकिकत सांगत फिरतात की, नाझरसाहेबांना वयोमानाने नसलेले आवाज ऐकू येऊ लागले आहेत. हे धादांत असत्य आहे. नव्या पंख्याला आवाज आहे; तो सूक्ष्म आहे आणि तो ऐकण्यास कान तयार असावा लागतो. त्याचा मला उपद्रव होतो, म्हणूनच मी रोज चार वाजायला पाच मिनिटे कमी असताना तीनदा भिंत वाजवतो, इतर कोणत्याही कारणाने नाही. पलीकडून दोन ठोके येतात आणि "डबल बेल!" अशी आरोळी येते.

सौ. म्हणते, तिला तो पंखा मुळीच ऐकू येत नाही. मात्र भिंतीवरचे घड्याळ तिने आपणहून काढून समोरच्या भिंतीवर लावले आहे.